एकशे सात रेघांची प्रार्थना

इटलीतल्या वितेर्बो गावच्या सान पेल्लेग्रिनो भागात एका लहान चॅपेलच्या, म्हणजे प्रार्थनाघराच्या, दारावर पाटी आहे: ‘चावी समोर, १४ नंबर.’ १४ नंबरमध्ये अर्मिदा राहते. वय एकाहत्तर. सव्वीस वर्षं तिने चिनी मातीच्या कारखान्यात बेसिनं घासली. गुडघे गेले तेव्हा काम सोडलं. चावी आईकडून आली.

बेल वाजली की अर्मिदा गॅस बंद करते, गल्ली ओलांडते, दार उघडते, दिवा लावते आणि बोलायला लागते. अडचण बोलण्याचीच होती. चावीवालीने दार उघडून गप्प बसायचं, माहिती परवाना असलेल्या गाईडनेच सांगायची, असा पर्यटन कचेरीचा नियम. मे महिन्यात लोरेदाना नावाच्या गाईडने तक्रार केली आणि अर्मिदाला लेखी ताकीद आली. पुन्हा बोलताना सापडली तर चावी कचेरीत जमा.

“तोंड मिटून बस की,” कोपऱ्यावर बूट दुरुस्त करणारा नेल्लो तिला म्हणाला होता. “मुकी असतीस तर नवराही सुखात जगला असता.”

“तो बहिरा होता. त्याचं चालून गेलं.”

गप्प बसणं तिला परवडणारं नव्हतं, कारण चॅपेलच्या भिंतीवर देवमाता मेरीचं चित्र आहे आणि येणारा प्रत्येक जण वर बघतो. खाली, गुडघ्याच्या उंचीवर, एकशे सात बारीक रेघा आहेत. शेकडो वर्षांपूर्वी प्लेगमध्ये या गल्ल्यांतल्या मेलेल्या प्रत्येक माणसामागे एक, त्या वेळच्या चावीवालीने खिळ्याने ओढलेली. कुणी सांगितलं नाही तर लोक तिथेच टेकून बसतात. पाठीवरच्या बॅगा घासून अकरा रेघा पुसल्या गेल्या आहेत.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी दुपारी चारला बेल वाजली. दारात बेर्गामोहून आलेलं एक जोडपं आणि त्यांच्यामागे काखेत फाईल धरलेला माणूस. त्याच वेळी कोपऱ्यावर हातोडी तीनदा वाजली. नेल्लोची खूण होती ती. कचेरीचा माणूस.

अर्मिदाने दार उघडलं, दिवा लावला आणि बाजूच्या बाकावर ओठ मिटून बसली. फाईलवाल्याने टोपी काढली, पेन काढलं.

“किती जुनं असेल हो हे, सिन्योरा?” बाईने विचारलं.

अर्मिदाने खांदे उडवले.

“काढलं कुणी?”

पुन्हा खांदे.

“अबोला धरलाय वाटतं,” नवरा बायकोला हळूच म्हणाला. “आपल्या घरी आल्यासारखं वाटतंय.”

मग त्याने पाठीवरची बॅग उतरवली आणि ठेवायला जागा शोधू लागला. भिंतीलगतचा पट्टा मोकळा होता. तो वाकला. बॅगेची लोखंडी कडी रेघांपासून वीतभर अंतरावर आली. फाईलवाल्याचं पेन कागदावर टेकलेलं होतं.

अर्मिदा उठली. कुरकुरणाऱ्या गुडघ्यांनी ती बॅग आणि भिंत यांच्यामध्ये जाऊन बसली, हात जोडले आणि वर चित्राकडे बघून मोठ्याने सुरू झाली:

“माते, या माणसाला क्षमा कर. त्याला ठाऊक नाही की त्याची बॅग माणसांना लागणार होती. तुझ्या पायाशी प्लेगमध्ये गेलेली एकशे सात माणसं आहेत, प्रत्येकाची एक रेघ, आणि तुलाही नीट ठेवता आली नाहीत. अकरा गेली. तेव्हा तू कुठे बघत होतीस?”

नवऱ्याने बॅग छातीशी धरली. बाई गुडघ्यावर बसून रेघा बघू लागली.

“सिन्योरा,” फाईलवाला म्हणाला, “ही प्रार्थना कुठल्या पुस्तकातली?”

“आईने शिकवलेली.”

“पर्यटक असले की म्हणता?”

“मी तिच्याशी बोलते. दार उघडं असलं की लोकांना ऐकू येतं.”

“आमेन म्हणाला नाहीत.”

“संपली कुठे? नावं राहिलीत.”

आणि ती नावं घेऊ लागली. भटारखान्यातली बेनेदेत्ता. तिची दोन मुलं. विहिरीवरचा साल्वी. नाव न ठेवलेलं बाळ. प्रार्थना चालू असताना मध्ये बोलायचं नाही, हे फाईलवाल्यालाही लहानपणापासून ठाऊक होतं. तो याच गावचा. तो टोपी हातात धरून उभा राहिला. विसाव्या नावाला त्याने पाय बदलला, साठाव्याला पेन खिशात ठेवलं. रेघ पुसलेल्या अकरा नावांना अर्मिदाचा आवाज जरा चढला, इतकंच.

“आमेन,” ती शेवटी म्हणाली. उठायला बेर्गामोच्या बाईने हात दिला.

फाईलवाल्याने बाकावर कागद ठेवून भरला. अर्मिदाने वाकून वाचलं. ‘माहिती सांगितली का?’ या रकान्यात ‘नाही’. ‘भेटीचा वेळ’ या रकान्यात पन्नास मिनिटं. ‘उशिराचं कारण’: प्रार्थना चालू होती.

“प्रार्थना माझ्या खात्यात येत नाहीत,” तो म्हणाला. “तक्रार बिशपकडे करावी लागेल.”

चावी तिच्या एप्रनच्या खिशातच राहिली.

शुक्रवारी लोरेदाना चौदा जणांना घेऊन आली. तिने अर्मिदाकडे न बघता विचारलं, “मावशी, आज प्रार्थना आहे का?”

“आहे,” अर्मिदा म्हणाली. “आधी बॅगा बाहेर ठेवायला सांग.”