पहारेकऱ्याला हात न लावणारे काका

बाळूकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुरबाडला सासुरवाडीत जेवायला बसलो होतो. तसाच ताटावरून उठून निघालो. वडिलांचे हे धाकटे भाऊ आटगावजवळ एका गोदामात वॉचमन होते. त्यांना जाऊन आता दीड महिना झाला.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. बी.कॉम. झालो आणि शहापुरात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान टाकलं. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर आधीच्या मालकाचा एक खेळ राहून गेला होता, वीसेक वर्षांपूर्वीचा. चोर होऊन महालात शिरायचं, पहारेकऱ्यांच्या नजरेस न पडता. चित्रं आता ओबडधोबड वाटतात, माणसांची बोटं एकमेकांना चिकटलेली. काका सुट्टीच्या दिवशी, गुरुवारी दुपारी दुकानात यायचे. "बघू दे रे," म्हणत एकदा माऊस धरला, तो सोडलाच नाही.

त्या खेळाची काकांइतकी पारख कुणी केली नसेल. फरशीवर पाऊल वाजतं, गालिच्यावर वाजत नाही, हे कळल्यावर ते खूश झाले. "ज्यानं हे बनवलं ना, त्यानं ड्युटी केलीय. आमी बी कानानंच राखण करतो." पण पहारेकऱ्यांवर त्यांचा राग. खुट्ट झालं की ते चार पावलं पुढे येत, काहीतरी पुटपुटत आणि पुन्हा जागेवर. "असा वॉचमन आमच्याकडं दोन दिस टिकायचा नाय. आन् यांची ड्युटी बदलायला रिलिव्हर कुठंय? डबा कधी खातात? लघवीला बी जात नाय रे!"

त्या खेळात मागून दंडुका घालून पहारेकऱ्याला बेशुद्ध करता येतं. सगळे तेच करतात. काका नाही. "सकाळी साहेब येणार, हा आडवा दिसणार. नोकरी गेली ना रे त्याची!" एकालाही हात न लावता शेवट गाठायचा, हा त्यांचा हट्ट. त्यापायी एकेका खांबाआड पाच-पाच मिनिटं उभे.

शेवटच्या महालात ते कित्येक महिने अडकले. एकदा ते चहा आणायला गेले आणि मी, शहाणा पदवीधर, दोघांना दंडुके हाणून वाट मोकळी केली, खेळ तिथंच सेव्हही केला, म्हणजे मागे जायची सोय उरली नाही. पडद्यावर पडलेले ते दोघे बघून काकांनी ग्लास टेबलावर ठेवला. "तुला घाई होती तर सांगायचं." एवढंच बोलून निघाले. कॉलेजात मी 'काका कंपनीत आहेत' एवढंच सांगायचो, काम सांगायचो नाही. ते आठवलं आणि लाज वाटली. तीन गुरुवार ते आले नाहीत. चौथ्याला मी घरी जाऊन माफी मागितली, तेव्हा हसले. "चल. पहिल्यापासून करू."

दिवसकार्य झाल्यावर काकींना म्हटलं, "काकांचा खेळ अर्धा राहिला. मी पुरा करतो."

"अर्धा कुठं?" काकी म्हणाल्या. "दिवाळीतच सांगत व्हते, शेवटचं दार समोर हाय, वाटंत एक बी माणूस नाय. मी म्हटलं, मग जा की आत. तर म्हणतात, आन् गुरुवारी जाऊ कुठं?"

आणि मला ते शेवटपर्यंत सांगत होते, "अडकलोय रे अजून..."

दुकानात येऊन त्यांचा खेळ उघडला. खरंच, दार समोर होतं. मागे चार पहारेकरी येरझाऱ्या घालत होते, चौघेही धडधाकट. फक्त एक बटण दाबायचं बाकी होतं.

गुरुवारी दुपारी मी तो लावून ठेवतो आणि शेजारी बसून लोकांचे फॉर्म भरतो.