मागची चाकं बसली नाहीत

मंडळी, आज जे झालं ते लिहितो.

चार वर्षं गॅरेजमध्ये मी किट कार, म्हणजे सुटे भाग आणून घरी बांधायची गाडी, जोडतोय. इंजिन दांडगं, म्हणून मागे रुंद टायर हवेत. मी आठवी शिकलेला, म्हणून माप आपल्या ग्रुपमधल्या सुधीरला, माझ्या मुलाच्या मित्राला, विचारलं. तो इंजिनियर. त्यानं लिहून दिलेलेच रिम आणि टायर मागवले. आज बसवले तर टायर मडगार्डला अडकतात, चाक फिरतच नाही.

सुधीरला फोन केला. तो म्हणाला, "काका, तुमचा मुलगाच म्हणाला, बाबांनी ही गाडी रस्त्यावर काढायला नको. म्हणून मुद्दाम मोठं माप दिलं."

मुलगा म्हणतो, "बाबा, आम्हाला भीती वाटत होती."

अरे, भीती मलाही होती. म्हणून तर विचारलं ना!

ब्रेकही सुधीरच्याच सल्ल्यानं बसवलेत. आता त्यांवर भरवसा कसा ठेवू, सांगा.