आर्व्हिलच्या पोटाचं डिझाइन

स्प्रूस पाइन गावच्या खाणीतली नोकरी सुटल्यावर आर्व्हिल लेडफर्डने पोर्सलीनचे, म्हणजे पातळ चिनी मातीचे, लटकते दिवे बनवायला घेतले, तेव्हा अख्ख्या गावाने कपाळावर हात मारला. सगळ्यात आधी त्याने स्वतःच. "देह रेड्याचा आणि काम अंड्याच्या टरफलाचं," असं तो भेटेल त्याला सांगायचा.

दोन वर्षं एकही दिवा खपला नाही. त्या दोन वर्षांत थोरल्या बहिणीने, नेल्डाने, आपल्या हॉटेलात त्याला रोज बीन्स आणि मक्याचा पाव खाऊ घातला. एकदाही बोलून दाखवलं नाही. आता तिने हॉटेल नवं केलं होतं, शनिवारी उघडायचं होतं, आणि काउंटरवर टांगायला पाच दिवे सांगितले होते. हे बिघडले तर तिला कुठल्या तोंडाने भेटायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात.

आणि पाचवा ओला दिवा चाकावरून उचलताना मध्ये त्याचं पोट आलं. चांगला खळगा पडला. त्याने आतून बोटांनी हळूच सरळ केला, वरून स्पंज फिरवला. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला हाच बाबा बजावायचा, "ही माती काही विसरत नाही. आज सरळ केलीत तरी भट्टीत पुन्हा वाकणार!" पण स्वतःच्या पोटाला सूट आहे असं त्याला वाटलं.

शुक्रवारी सकाळी भट्टी उघडली. खळगा हजर. दारात नेल्डाही हजर.

"हा असा का रे?"

"नवीन डिझाइन आहे," तोंडातून निसटलं.

नेल्डाने दिवा खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ बघत राहिली. "झकास! मग बाकीचे चार साधे का, आळशा? तेही असेच कर. उघडायचं पुढे ढकलते."

"नमुन्याला" म्हणत पाचही दिवे घेऊन ती गेली. आर्व्हिल दुपारपर्यंत नव्या ओल्या दिव्यांना पोट मारत बसला. एक कोसळला, एक एप्रनलाच चिकटला.

"श्वास सोडून बघ," बायको वेल्मा दारातून म्हणाली.

शेवटी तो तसाच, मातीने बरबटलेला, हॉटेलात गेला. "नेल्डा, डिझाइनबिझाइन काही नाही. पोट लागलं माझं. मी खोटं बोललो, आणि तू माझ्यापायी..."

"ठाऊक आहे." तिने बल्ब लावून दिवा पेटवला. खळग्याच्या मधोमध, पातळ झालेल्या जागी, त्याच्या एप्रनच्या बटणाचा गोल ठसा लख्ख दिसत होता. "खिडकीतच दिसलं मला."

"मग उघडायचं पुढे ढकललंस कशाला?"

"कुठे ढकललंय? उद्या सकाळी सहाला नाश्ता. हा तुझ्या रोजच्या जेवायच्या खुर्चीच्या वर टांगू. आता शिडी धर, चढते मी. तू चढलास तर उरलेल्या चारांचंही डिझाइन होईल."