बेटांची हजेरी

वोल्फ्सबुर्गला आम्हाला कॅम्परव्हॅन भाड्याने देणारे जर्मन आजोबा प्रत्येक वस्तू दोन बोटांनी ठोकून दाखवत. टायर झाले, गॅसची टाकी झाली, मग त्यांनी माझी यादी ठोकली. नऊ दिवसांत सात ग्रीक बेटं, फेरीबोटींच्या वेळांसकट.

"आल्झो, म्हणजे बेटं बघायला जाताय की हजेरी घ्यायला?"

आमचे हे चार वर्षांनी सुट्टीवर निघाले होते. एरवी जर्मन बोलायला मला पुढे करणारे हे मोठ्यांदा म्हणाले, "गेनाऊ! अगं, अगदी बरोबर बोलतायत ते!"

आजोबांनी कानामागची पेन्सिल माझ्यापुढे धरली. मी पाच नावं खोडेपर्यंत किल्ली काही दिली नाही.

पहिल्याच बेटावर ह्यांनी समुद्राकाठी खुर्ची मांडली. दुसऱ्या बेटाची फेरीबोट रोज समोरून सुटायची. आम्ही दोघं तिला हात करायचो.