दाणा बोलला की

आमची वहिनी दाणे भाजते. बदाम, शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया, पोत्यातून जे येईल ते. भट्टीवर धूर इतका की डोळ्यांचा काही उपयोग नाही, म्हणून तिथल्या सगळ्या बायका कानांनी भाजतात. कच्चा दाणा कढईत मुका असतो. तयार झाला की कोरडा, खणखणीत वाजायला लागतो. 'दाणा बोलला' म्हणतात त्या. बोलला की उतरवायचा. यात वहिनीचा हात धरणारं कोणी नाही, आणि हे मी नणंद असून सांगतेय!

तिचा नवरा म्हणजे माझा धाकटा भाऊ. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षर असं की गिऱ्हाईक आत जायचं सोडून पाटीच बघत उभं राही. मग छापील पाट्या आल्या आणि याला कुत्रं विचारेना. आधी चिडचिड झाली, मग अबोला, मग दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसणं. ओळखीचे लोक येऊन शिकवायचे, "फिरायला जा, हसत राहा!" अरे, सांगायला काय जातंय तुमचं? दोघातिघांना तर मीच दाराबाहेर काढलं.

डॉक्टरीणबाई मात्र शहाणी निघाली. तिने गोळ्या लिहून दिल्या आणि वर म्हणाली, "मधल्या वेळी तळकट, गोडधोड नको. अक्रोड, बिया, एखादं फळ द्या. मनालाही थोडी मदत होते. पण गोळ्या सोडायच्या नाहीत."

झालं! गोळ्या तो घ्यायचा, पण वहिनीचा सगळा जीव त्या दाण्यांच्या वाटीत. स्वतः निवडून, स्वतः भाजून आणायची. दुपारी कामावरून आली की चपला काढायच्या आधी वाटी त्याच्यासमोर. कोणी बघत बसलं की तो वाटी खाली ठेवायचा, म्हणून ही स्वयंपाकघरात जाऊन कान देऊन उभी राहायची. बाहेरून कुडुम कुडुम आवाज आला की हिचा चेहरा उजळायचा. मला लगेच फोन. "ताई, आज बोलला हो दाणा! सगळी वाटी संपवली. बघा तुम्ही, माणसांत येणार हे."

मलाही खरं वाटायला लागलं होतं. का वाटू नये? माझाच भाऊ तो.

एकदा दुपारी मी गेले, तर ही ओट्याला टेकून उभी, तोंडावर बोट. बाहेर कुडुम कुडुम चाललेलं. मला कुठला धीर? "अगं, भिंतीला कान काय लावतेस? नवरा आहे तुझा, जाऊन बघ की!" म्हटलं आणि हाताला धरून तिला बाहेर ओढलं.

तो खात होता. आणि रडत होता. आवाज नाही, हुंदका नाही. डोळ्यांतून पाणी नुसतं वाहत होतं, शर्टाची कॉलर भिजून गडद झाली होती, आणि जबडा आपला चावतोय.

"अहो," वहिनी म्हणाली, "नको होतं तर सांगायचं ना."

"तू आत ऐकत उभी असतेस," तो म्हणाला. "म्हणून जोरात चावतो."

कित्येक महिन्यांत त्याच्या तोंडून इतके शब्द एका वेळी आले नव्हते.

"रोज असंच?" तिने विचारलं.

त्याने मान डोलावली.

वहिनी मटकन खाली बसली. "ताई, हे इथे रडत होते," ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि मी आत खूश होत होते हो." आणि तिला जो हुंदका फुटला, तो काही केल्या थांबेना.

तिला तसं रडताना बघून तो घाबराघुबरा झाला. बाहीने भराभर डोळे पुसले, वाटीतला एक अक्रोड उचलून तोंडात टाकला आणि तिला ऐकू जाईल असा जोरात चावला.