चांगुणाबाईची जागा

मांडणीवरची ताटली आपसूक घसरते आणि खालच्या पातेल्यावर टणकन आदळते. भर दुपारची निजानीज आहे. पाच वर्षांची यशू कूस बदलते, चुळबुळते आणि पुन्हा झोपी जाते. विशाखा लेकीच्या पाठीवर हात ठेवून तशीच पडून राहते. उठून ताटली सरळ करायला हवी, पण दिवसातला हा एवढाच वेळ तिचा स्वतःचा असतो. आज त्यातच तिला ठरवायचंय, उद्या नगरपालिकेत जाऊन आईच्या जागेला हो म्हणायचं की नाही.

तिची आई, चांगुणाबाई, गेल्या उन्हाळ्यात गेली. जन्मभर तिनं बाजारपेठेचे रस्ते झाडले, गटारं उपसली. सफाईवाल्या बाईची जागा तिच्या वारसाला मिळते, अशी पालिकेची रीत आहे. मुकादम काल दारातूनच सांगून गेला, "परवा शेवटचा दिवस बरं का ताई. लोक नोकरीपायी चपला झिजवतात, तुमच्या घरी ती चालत आलीय."

विशाखानं रक्त तपासायचा डिप्लोमा केलाय. पालिकेच्याच दवाखान्यात प्रयोगशाळेची जागा निघाली तेव्हा ती गेली होती. टेबलामागच्या साहेबानं तिचं आडनाव वाचलं, आई कुठल्या खात्यात होती ते विचारलं आणि तो हसत म्हणाला, "तुमच्यासाठी आहे की एक जागा राखलेली. इथं कशाला गर्दी करता?"

ते हसू तिच्या डोळ्यांपुढून हलत नाही. डोळे मात्र मिटत जातात. पंख्याची घरघर लांब जाते. कडी वाजते.

चांगुणाबाई उंबऱ्याबाहेर उकिडवी बसलीय. लुगड्यावर पालिकेचं खाकी जाकीट, मांडीवर हिराचा लांब खराटा.

"आत ये ना आई."

"पाय घाण हायेत गं."

"माझं घर आहे हे. लोकांचं नाही."

"मी मेले, पर सवय कुठं मरतीय?" चांगुणाबाई स्वतःच खुदकन हसते. "पाणी दे वाईच."

विशाखा तांब्या आणते. चांगुणाबाई ओंजळ तोंडाशी धरते आणि मान खाली घालून वरून धार पडायची वाट बघत राहते. पोटच्या पोरीच्या दारात! विशाखाच्या मस्तकात तिडीक उठते. ती आईची ओंजळ सोडवते, तिच्या हातात पेला कोंबते.

"पेल्यानं पी."

चांगुणाबाई पेला फिरवून फिरवून बघते. "काठ फुटका न्हाई, येगळा ठिवलेलाबी न्हाई. चुकून तर न्हाई ना दिलास?"

ती उठून चालू लागते आणि उंबरा संपतच नाही. घरातली फरशी बाजारपेठेचा रस्ता होते. दोन्ही बाजूंना फाटकं, प्रत्येक फाटकाला उरल्यासुरल्या पोळ्यांची पिशवी टांगलेली. चांगुणाबाई झाडत पुढे, विशाखा मागे. झाडलेल्या जागेवर वरून पुन्हा साली पडतात, राख पडते, कुणाचे तरी केस पडतात.

"आई, वर बघ! ओरड त्यांच्यावर!"

"वर बघायचं नसतंय. बघितलं की नेम धरत्यात." चांगुणाबाई थांबते, खराटा पुढे करते. "घे. शेत न्हाई, घर न्हाई, ह्योच ठिवलाय तुझ्यासाठी. पगार हाय, पेन्शन हाय."

"मला नको."

"मला तुझ्या आज्जीकडनं आला. ती गेली तवा तू तान्ही हुतीस. झाडता झाडता दुधानं पदर भिजायचा. मला कुणी इचारलंच न्हाई. तुला इचारत्यात तरी."

"विचारतात?" विशाखाचा आवाज भिंतींवर आपटतो, कारण आता भिंती आहेत. पांढरी लांब खोली, काचेच्या नळ्यांच्या रांगा, सूक्ष्मदर्शक, आणि त्याच्यासमोर रिकामी खुर्ची. "एकच दार उघडं ठेवायचं आणि वर म्हणायचं, बघा, आम्ही कुठं अडवलं? राजांची राज्यं गेली, इंग्रज गेले. आमचा खराटा तेवढा जपून ठेवलाय! हा वारसा कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. ह्या वारशानं कुणाच्या पोटात दुखत नाही. इथली एक खुर्ची मागितली की लगेच गर्दी होते!"

"लई बोलाय लागलीस." चांगुणाबाई कौतुकानं बघते. "शाळंची फी वाया न्हाई गेली. पर माझ्यापाशी काय बोलतीस? त्यांच्यापाशी बोल."

"आणि बोलल्यावर? खोलीचं भाडं कोण देईल? यशूचं दूध?"

  चांगुणाबाई खराट्याचं एक टोक लेकीच्या हातात देते, दुसरं स्वतः धरते.

"मोडून बघू. मी एकलीनं किती डाव बघितलं. लई चिवट आसतोय मेला."

दोघी खराटा गुडघ्यावर वाकवतात. काड्या करकरतात, पण तुटत नाहीत. चांगुणाबाई लेकीच्या मुठीवर आपली रखरखीत मूठ आवळते. यशूच्या जन्माच्या वेळी दवाखान्यात उशाशी उभी राहून जशी म्हणत होती, अगदी तशीच म्हणते, "जोर लाव. आजून जोर लाव गं माझे बाय."

कडाड.

भिंतीवर तिरपं ऊन आलंय. विशाखाची उजवी मूठ गच्च मिटलेली आहे. एकेक बोट उचलून ती उघडते. तळव्यात हिराच्या काडीचं कुसळ रुतलंय, भोवती रक्ताचा थेंब. घरातला झाडू मऊ आहे, फुलांचा. हिराचा खराटा तिनं या घरात कधी येऊच दिलेला नाही.

ती नखांनी कुसळ ओढू लागते. यशू जागी झालेली असते. ती जवळ सरकते, आईचा तळवा आपल्या दोन्ही हातांत घेते आणि गाल फुगवून फुंकर घालते.

"दुखतंय?"

"नाही गं सोन्या."

"आई, मुकादमकाका म्हणाले ना, आज्जी वारली म्हणून तिची नोकरी तुला देतात?"

"हं."

यशू पुन्हा एक फुंकर घालते, जरा विचार करते.

"मग मला कधी देणार?"