मतदानाच्या रांगेत नवऱ्याचं नाव

माझी आत्या पांढुर्ण्यात नगरपालिकेला उभी राहिली, तेव्हा आमच्या मध्य प्रदेशाची राजधानी अजून नागपूरच होती. आत्या विधवा, मुलींच्या शाळेत मास्तरीण. तिचं मागणं दोनच गोष्टींचं: चौथीपुढे मुलींचे वर्ग काढा, आणि वस्तीच्या टोकाची विहीर सगळ्या जातींना खुली करा. पहिल्या मागणीला लोक माना डोलवायचे, दुसरी निघाली की पानाची पिंक टाकायला उठून जायचे.

मी सौंसरची, नुकतीच लग्न होऊन त्याच गावात आलेली. मॅट्रिक झाल्याची मिजास होतीच. वॉर्डातल्या बायकांना मत टाकायला शिकवायचं काम आत्यानं माझ्या गळ्यात घातलं. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, वर निशाणीचं चित्र. मी रॉकेलच्या डब्याला फट पाडून त्यावर आत्याच्या निशाणीचं, छत्रीचं, चित्र चिकटवलं, आणि बायांकडून शंभरदा चिठ्ठ्या टाकून घेतल्या. कुणी चुकलं की मी खेकसायची. भाकरी थापतानाही मी मनात मतं मोजायची. आत्या पडली तर मुली चौथीतच घरी बसणार, हे डोक्यातून जाईना.

मतदानाच्या दिवशी बायकांची ही लांब रांग! पण बाया आत जायच्या आणि तोंड पाडून लगेच बाहेर यायच्या. मी एकीचा हात धरला.

"काय झालं वं?"

"तो बाबू मालकाचं नाव पुसून राहिला ना! मी कशी घेऊ? त्याईचं आयुष्य कमी करू का?"

मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. यादीत कित्येकींची नावंच नव्हती, अमक्याची बायको एवढंच. नवऱ्याचं नाव सांगितल्याशिवाय चिठ्ठी नाही. शेजारणीनं सांगितलेलं बाबूला चालेना. सगळं शिकवलं, तेवढं राहिलं. नवऱ्याचं नाव कागदांवर लिहून लिहून आत्याची भीड कधीच मोडली होती, त्यामुळे तिच्याही ध्यानात आलं नाही. एका बिचारीनं आत उखाणा सुरू केला, तर माणसं फिदीफिदी हसली. ती पदर तोंडावर घेऊन पळाली.

"अवं, नाव घेतल्यानं कोणी मरते का?" मी रांगेवर ओरडले. मग माझी पाळी आली.

"पती का नाम बोलो, बाई."

बाबूच्या शेजारी समोरच्या उमेदवाराचा माणूस म्हणून माझ्या सासऱ्यांचे दोस्त बसलेले. ते माझ्याकडे बघत होते. माझी दातखीळच बसली. लोका सांगे ब्रह्मज्ञान! मी मान खाली घालून बाहेर आले.

आत्या पडली. संध्याकाळी तिनं विचारलं, "तू तं टाकलं ना वं मत?"

"हो," मी म्हणाले. मला माझीच किळस आली.

पुढच्या निवडणुकीपर्यंत राजधानी भोपाळला गेली होती. आत्या पुन्हा उभी राहिली. या वेळी तिनं डबा बाजूला ठेवला, आणि बाया जमवून त्यांना आधी नवऱ्याचं नावच घ्यायला सांगितलं. कुणी तोंड उघडेना.

"हे पाहा, माझ्या भाचीनं मागच्या टायमाला सगळ्यांसमोर घेतलं," आत्या अभिमानानं म्हणाली. "सांग वं यांना, कसं घेतलं तं!"

पळून जावंसं वाटत होतं. पण तीस-चाळीस बाया माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मी नाव घेतलं. उखाण्याविना, आयुष्यात पहिल्यांदा. आवाज इतका कापला की आत्याचं हसू मावळलं. तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं.

"आता जोरात," ती म्हणाली. "पुन्हा घे."